सरासरीबरोबर गटातील चढउतारही छापावा

महोदय,

घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीत टँकरचे बिल हा बारमाही विषय आहे. दोनपैकी एका विंगमधील नळांना एरेटरच्या (पाण्यात हवा मिसळून धार कमी करणाऱ्या) जाळ्या बसवल्या गेल्या आणि पुढच्याच महिन्यात ‘या विंगचा सरासरी वापर कमी’ असा कागद सूचना फलकावर लागला. मी संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालो असल्याने घरोघरच्या मीटरची वही मागितली, तेव्हा त्या विंगमधील दोन घरांना महिनाभर कुलूप होते, असे दिसले. वर्तमानपत्रांतही दोन गटांच्या सरासऱ्या अशाच उघड्याबोडक्या छापल्या जातात, म्हणून हे पत्र.

दोन स्वतंत्र गटांतील फरक योगायोगाचा आहे का, हे तपासताना तो घराघरांतील चढउताराच्या मानाने किती मोठा आहे, ते पाहावे लागते. समजा, प्रत्येक गटात 12 घरे आहेत आणि सरासरींत रोजचा 40 लिटरचा फरक आहे. दोन्ही गटांचे प्रमाण विचलन (घराघरांचा वापर सरासरीपासून साधारण किती दूर असतो, त्याचे माप) 120 लिटर असेल, तर टी-मूल्य (सरासरींतील फरक भागिले त्या फरकात योगायोगाने अपेक्षित असलेला चढउतार) जेमतेम 0.82 येते, विचलन 30 असेल, तर तेच 3.27 होते. पाच टक्के पातळीवरची, म्हणजे फरक नसताना तो आहे असे ठरवण्याची शक्यता पाच टक्के मान्य केली तर येणारी, मर्यादा 2.07 आहे, म्हणजे 40 लिटरचा तोच फरक एकदा दखल घेण्याजोगा ठरत नाही आणि एकदा ठरतो. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यातील विल्यम गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने 1908 मध्ये लिहिलेला लेख या टी-चाचणीच्या मुळाशी आहे; त्यांनाही मोजक्याच नमुन्यांवर निर्णय करावे लागत. गटांतील विचलन असमान असेल तर टी-चाचणीचीच वेल्च यांनी सुधारलेली रीत वापरतात, आणि कुलूपबंद घरांसारखी टोकाची मूल्ये असतील तर क्रमवारीवर चालणारी मान-व्हिटनी चाचणी. (अर्थात, बंद घरे मुळात तुलनेत घ्यावीत का, हे कोणतीही चाचणी सांगत नाही.)

चाचणीतून निघणारे पी-मूल्य 0.03 आले म्हणजे ‘जाळ्या 97 टक्के खात्रीने उपयोगी’, असाही अर्थ लावला जातो, तो चूक आहे. पी-मूल्य म्हणजे फरक मुळात नसताना केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. उलट, पी-मूल्य मोठे आले म्हणून फरक नाहीच, असेही सिद्ध होत नाही. बारा घरांत तो कदाचित पकडता आला नसेल. शिवाय जाळ्या कोणत्या घरांना बसवायच्या हे चिठ्ठ्या टाकून ठरवले असते, तर मोठी कुटुंबे एकाच विंगमध्ये असण्याची शंकाही बरीचशी मिटली असती.

आपल्या दैनिकाने तुलनेची बातमी देताना सरासरीशेजारी प्रत्येक गटातील नमुन्यांची संख्या आणि प्रमाण विचलन छापावे, एवढी विनंती आहे. त्याला एक ओळ पुरेल.

– एक निवृत्त शिक्षक, ठाणे (पश्चिम)