अंगणातला नरकासुर आणि आपली कात्री

३ नोव्हेंबर २०२५

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या कालच्या रविवार पुरवणीतील ‘अंगणी भुतांचा बाजार’ हा, अमेरिकेतील मराठी घरे हॅलोविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या भुताखेतांच्या सणाला, अंगणात जे देखावे मांडतात त्यांवर टीका करणारा लेख वाचला. लेखकमहाशय विद्वान आहेत, त्यांची भाषा ओघवती आहे आणि परदेशस्थ मराठी माणसांच्या सांस्कृतिक अधःपाताविषयी त्यांना वाटणारी तळमळ इतकी उत्कट आहे की, आमच्यापैकी एकाला तरी फोन करून काही विचारावे एवढी सवड त्या तळमळीतून त्यांना मिळाली नसावी. तेही एक वेळ चालले असते. परंतु लेखाच्या मधोमध चार स्तंभांत जे छायाचित्र आपण छापले आहे ते न्यू जर्सीतील आमच्या अंगणाचे आहे आणि त्याबद्दल मात्र मला सविस्तर लिहिणे भाग आहे.

हे छायाचित्र येथील मराठी मंडळींच्या फेसबुक समूहावरून, आम्हाला न विचारता, उचललेले आहे. परवानगीचा मुद्दा मी आज उगाळत बसत नाही, कारण माझी खरी तक्रार वेगळी आहे. मूळ छायाचित्रात डाव्या हाताला एक निळे पिंप आहे. पिंपामागे हाताने रंगवलेला फलक उभा आहे आणि त्यावर, रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीतूनही वाचता येईल अशा अक्षरांत, लिहिले आहे की, देखावा आवडला असेल तर आमच्या टाउनशिपच्या अन्नवाटप केंद्रासाठी एखादा डबाबंद पदार्थ पिंपात टाकावा किंवा खालील क्यूआर कोडवरून थेट केंद्राला पैसे पाठवावेत. आपल्या अंकात फलक नाही आणि पिंपही नाही. छायाचित्र पिंपाच्या कडेवर नेमके कापले आहे. इतके नेमके की नखाएवढी निळी रेघ अजून शिल्लक दिसते. आणि त्याच पानावर लेखक विचारतात, ‘या उधळपट्टीतून भुकेल्याच्या मुखी एक घास तरी जातो काय?’ जातो, महाशय. छायाचित्रातून आपण कापून काढलात, तो तोच.

आता उरलेल्या छायाचित्राखालच्या ओळीकडे येते. ‘पाश्चात्त्य सैतानापुढे नतमस्तक मराठी अंगण’, असे आपण छापले आहे. संपादक महोदय, तो पाश्चात्त्य नाही आणि सैतानही नाही. तो नरकासुर आहे आणि तो म्हापशाचा आहे. माझे माहेर तिथले. नरकचतुर्दशीच्या आधी आमच्या वाड्यावरची मुले रात्र-रात्र जागून लाकडी सांगाडा बांधत, त्यात पेंढा भरत, वर रंगीत कागद डकवत आणि बाजारातून आणलेला मुखवटा चढवून पहाटेच्या आत त्याचे दहन करीत. गोव्यात हे आजही गावोगावी चालते, त्यांच्या स्पर्धा होतात, बक्षिसे लागतात. आपल्या दैनिकानेही गोव्यातील नरकासुरांची छायाचित्रे दिवाळीत कौतुकाने छापलेली मी पाहिली आहेत. तोच मुखवटा, तेच शिंग, तीच बाहेर काढलेली तांबडी जीभ सातासमुद्रापलीकडे गेली की सैतान कशी होते, हे लेखकांनी सवडीने समजावून सांगावे. आमच्या नरकासुराचे दोष मी स्वतःच सांगते: त्याच्या मिशा दोन्हीकडे सारख्या नाहीत आणि येथे अंगणात जाळपोळ करता येत नसल्यामुळे बिचाऱ्याचे दहन राहून जाते. यंदा नरकचतुर्दशी २० ऑक्टोबरला झाली, त्यानंतर तो तसाच उभा राहिला आणि हॅलोविनच्या मंडळींत सामील झाला. त्याची मान हलते ती भंगारातून आणलेल्या मोटारीच्या वायपरच्या बारा व्होल्टच्या मोटरवर. मोटर गोल फिरते, तिच्या दांड्याला जोडलेली पट्टी मागेपुढे होते आणि असुर रस्त्याकडे बघून संथपणे ‘नाही, नाही’ म्हणत राहतो. शेजारपाजारची मुले हा कोण म्हणून विचारतात आणि मग कृष्ण-सत्यभामेची गोष्ट ऐकतात. संस्कृतीचा याहून मोठा अधःपात मला तरी करता आलेला नाही.

‘हजारो डॉलरांचा चुराडा’ या वाक्याबद्दलही थोडे लिहिते. येथील एका बड्या दुकानाने २०२० साली बारा फुटी सांगाडा २९९ डॉलरला विकायला काढला आणि तेव्हापासून तो गल्लोगल्ली दिसू लागला, हे खरे आहे. आमच्याकडे तो नाही. आमची थडगी घरांच्या भिंतींत थंडी अडवण्यासाठी घालतात त्या दोन इंची फोमच्या तुकड्यांची आहेत आणि ते तुकडे शेजाऱ्यांच्या तळघराच्या कामातून उरलेले आहेत. तापलेल्या तारेने फोम कापायचा, अक्षरे कोरायची, वर तळघराच्या भिंतींना देतात तो खरखरीत करडा रंग चढवायचा आणि तो वाळला की पाणी घालून पातळ केलेला काळा रंग वरच्या कडेवरून नुसता ओघळू द्यायचा. तो कोरलेल्या अक्षरांत जाऊन बसतो आणि दगड शंभर पावसाळे खाल्ल्यासारखा दिसतो. खिडकीखालची हडळ कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी वळवून केलेली आहे. धुक्याचे यंत्र तेवढे विकत घेतलेले. त्याचा धूर गरम असल्यामुळे वर चढून विरून जातो, म्हणून तो बर्फ भरलेल्या पेटीतून फिरवून गार करून सोडावा लागतो, तेव्हा कुठे तो गवतालगत सरपटतो. माझे यजमान निवृत्त अभियंते आहेत, त्यांचा ऑक्टोबर या पेटीत जातो. गणपतीच्या आराशीत मखरामागे जी माणसे रात्री दीड वाजता वायर शोधत असतात, त्याच जातीचे ते आहेत. आराशीला ‘कला’ आणि याला ‘चुराडा’ म्हणण्याचा निकष कोणता, हे लेखात सापडले नाही.

लेखातील ‘अपराधीपणावर चढवलेला दानधर्माचा मुलामा’ हे शब्द मला विशेष लागले. हॅलोविनला दान मागणे ही आम्हा अनिवासींची पश्चात्तापबुद्धी आहे, असे लेखकांना वाटते. १९५० साली फिलाडेल्फियाकडील काही मुलांनी हॅलोविनच्या संध्याकाळी दारोदार फिरून दुधाच्या रिकाम्या खोक्यांत १७ डॉलर जमवले आणि ते युनिसेफला पाठवले. त्यातून पुढे शाळाशाळांतून नारिंगी खोकी घेऊन फिरण्याची रीत पडली. त्याही पूर्वी, इंग्लंडात सर्व मृतात्म्यांच्या दिवसाच्या सुमारास गोरगरीब घरोघर जाऊन त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करीत आणि बदल्यात त्यांना गोड पोळ्या मिळत. सर्वपित्रीला दारी आलेल्याला जेवू घालणाऱ्यांना यात परके वाटण्यासारखे काय आहे? अलीकडचे उदाहरण हवे असेल, तर नॉर्थ कॅरोलिनातील होली स्प्रिंग्ज येथे एका घराने २०२० मध्ये सांगाड्यांचा देखावा मांडून मेम्फिसच्या सेंट ज्यूड या बालरुग्णालयासाठी देणग्या मागायला सुरुवात केली आणि आज कितीतरी राज्यांतील घरे त्याच रुग्णालयासाठी आपापले सांगाडे मांडतात. १९६२ मध्ये सुरू झालेले हे रुग्णालय कर्करोगाने आजारी मुलांच्या पालकांना उपचाराचे बिल पाठवत नाही. हा मुलामा असेल, तर तो फारच जाड बसलेला आहे.

पैशांच्या बाबतीत लेखकांनी ‘हिशेब कोण विचारणार?’ अशी एक पुस्तीही जोडली आहे. त्यांना वर्गणीच्या पावतीपुस्तकांचा काही अनुभव असावा. आम्ही रोख रक्कम घेतच नाही. क्यूआर कोड थेट अन्नवाटप केंद्राच्या देणगीपानावर जातो, पावती केंद्र देते आणि कोणी किती दिले हे आम्हाला कळतसुद्धा नाही. आमच्या हाती येतात ते फक्त डबे. त्यांच्या तारखा तपासायच्या, काचेच्या बरण्या वेगळ्या काढायच्या, कारण केंद्र त्या घेत नाही, आणि मागची आसने पाडून मिनीव्हॅन भरायची, एवढेच आमचे काम.

यंदा ते काम दरवर्षीसारखे नव्हते. अमेरिकेच्या संघीय सरकारचे कामकाज १ ऑक्टोबरपासून ठप्प झाले, हे आपल्या पहिल्या पानावर येऊन गेले आहे. पण त्यामुळे देशभरातील सुमारे ४ कोटी २० लाख माणसांचे सरकारी अन्नसाहाय्य १ नोव्हेंबरपासून अडणार, ही टांगती तलवार आमच्या गल्लीत काय करीत होती, हे पुरवणीच्या पानावर येण्यासारखे होते. हॅलोविन त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी. गुरुवारच्या पावसाने थडगी आडवी केली होती, ती दुपारी पुन्हा ठोकली. सहा वाजेपर्यंत लहानग्यांसाठी असुराची मान आणि धूर बंद ठेवला. पिंप संध्याकाळीच भरले: शेंगदाण्याचे लोणी, ट्यूना, सूप, तांदळाच्या पिशव्या. एका गुजराती आजोबांनी तूरडाळ आणली आणि ती वर, सगळ्यांना दिसेल अशी, ठेवली. गर्दी ओसरल्यावर एक बाई दोन मुलांना घेऊन आल्या. मुलांनी चॉकलेटे घेतली. बाई फलकापाशी बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी मला हळूच विचारले की, या केंद्रात जायला काही कार्ड लागते का, आणि ते शनिवारी उघडे असते का. मी वेळ सांगितली. त्यांनी फलकावरच्या पत्त्याचे छायाचित्र काढले, आभार मानले आणि त्या निघून गेल्या. फलक देणाऱ्यांसाठी म्हणून आम्ही रंगवला होता. तो घेणाऱ्यांच्याही उपयोगी पडतो, हे त्या संध्याकाळी कळले. आपल्या अंकातल्या छायाचित्रात नाही तो हाच फलक.

लेखकांची एक गोष्ट मी मान्य करते. येथे हॅलोविनच्या नावाने प्लॅस्टिकचा कचरा अफाट होतो आणि काही घरांतले देखावे इतके बीभत्स असतात की, मलाही नातीचा हात धरून पलीकडच्या पदपथावर जावे लागते. त्यावर त्यांनी लेखणी चालवली असती, तर मी हे पत्र अभिनंदनाचे लिहिले असते.

जाता जाता आणखी एक. आम्ही आपल्या ई-पेपरचे वार्षिक वर्गणीदार आहोत. पुरवणीतील शब्दकोड्याची सर्वांत खालची ओळ ई-पेपरमध्ये गेल्या कित्येक महिन्यांपासून अर्धी छाटलेली येते आणि याविषयी पाठवलेल्या दोन्ही मेलना ‘आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ असे एकच उत्तर आले आहे. छायाचित्रे कापणारा विभागही हाच असेल, तर दोन्ही तक्रारींची दखल एकदम घेता येईल.

माझी मागणी साधी आहे. येत्या रविवारी, त्याच पुरवणीत आणि तितक्याच मोठ्या आकारात, मूळ छायाचित्र पिंप आणि फलकासह छापावे, खालच्या ओळीत ‘म्हापशाच्या पद्धतीचा नरकासुर, न्यू जर्सी’ असे लिहावे आणि ते छायाचित्र कोठून घेतले तेही नमूद करावे. मूळ प्रत मी या पत्रासोबत पाठवत आहे. लेखकमहाशयांचा कधी इकडे फेरा झाला, तर त्यांनी अवश्य घरी यावे; असुर अजून अंगणातच आहे, त्याला गॅरेजमध्ये हलवायला चार माणसे लागतात आणि आम्ही दोघेच आहोत.

आपली विश्वासू,
एक वर्गणीदार
(मूळ म्हापसा, सध्या न्यू जर्सी)