तक्रार आवाजाची नको, लपलेल्या आकड्याची हवी

महोदय,

16 मार्च 2014 च्या मेलबर्नच्या शर्यतीनंतर फॉर्म्युला वनचे चाहते एकच तक्रार करत होते: गाड्यांचा आवाज गेला! आवाज उतरला, हे खरेच. 2.4 लिटरच्या व्ही-8 (आठ सिलिंडरच्या) इंजिनाच्या जागी 1.6 लिटरचे टर्बो व्ही-6 (सहा सिलिंडरचे) इंजिन आले, मिनिटाला 18,000 फेऱ्यांची मर्यादा 15,000 झाली. ग्रेटर नोएडात, भारतातल्या शर्यतीत, ती जुनी गर्जना प्रत्यक्ष ऐकलेल्यांची हळहळ मला समजते. पण ब्रेक लावताना आणि एक्झॉस्टच्या उष्णतेतून वाया जाणारी ऊर्जा त्या मोसमात पुन्हा चाकांना मिळत होती आणि अख्खी शर्यत 100 किलो इंधनात भागवावी लागत होती. मला हे आवाजाहून मोठे वाटते.

माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. रेड बुल संघाचा ऑस्ट्रेलियन चालक डॅनिएल रिकार्डो त्या शर्यतीत घरच्या प्रेक्षकांसमोर दुसरा आला. मेलबर्नकरांनी त्याला डोक्यावर घेतले, आणि काही तासांनी तो बाद! का, तर इंधनाचा प्रवाह ताशी 100 किलोच्या मर्यादेपलीकडे गेला. हा प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरवर रेड बुलचा विश्वास नव्हता, शर्यतींचे नियम ठरवणारी संस्था एफआयए त्यावर ठाम होती. नियम मोडला असेल तर शिक्षा हवीच. पण ज्या आकड्यावर निकाल फिरतो, तो तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला दिसूच नये? प्रत्येक गाडीचा इंधनप्रवाह शर्यत चालू असतानाच पडद्यावर दाखवा. त्या वर्षी मलेशियाची शर्यत 30 मार्चला होती, तिथूनच सुरुवात करता आली असती.

– एक वाचक, नाशिक