सिनेमा निवडताना बोध नको, पेच शोधा

माननीय संपादक,
स. न.

सुट्ट्या जवळ आल्या की 'मुलांनी पाहायलाच हवेत' अशा चित्रपटांच्या याद्या सगळीकडे फिरू लागतात. आपल्या पुरवणीतही अशी एक यादी नुकतीच वाचली. निवडलेल्या चित्रपटांबद्दल माझी तक्रार नाही. खटकलं ते प्रत्येक नावापुढचं वाक्य: यातून जिद्द शिकायला मिळते, यातून मैत्रीचं मोल कळतं, यातून आईवडिलांच्या कष्टांची जाणीव होते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला असं सांगून पडद्यासमोर बसवलं की त्याचं लक्ष गोष्टीवर राहत नाही. नंतर आपल्याला काय विचारणार आणि त्यावर काय बोलायचं, याची तो तयारी करत बसतो.

कुमारवयीन मुलामुलींबरोबर चित्रपट पाहणं आणि नंतर त्यावर गप्पा मारणं हे मी गेली बरीच वर्षं करते आहे. अर्थपूर्ण सिनेमा कसा ओळखायचा असं पालक विचारतात, तेव्हा मी एकच गोष्ट सांगते. 'यात शिकण्यासारखं काय आहे' हा प्रश्न सोडून द्या आणि 'यातल्या माणसापुढे खरा पेच आहे का' एवढंच बघा. म्हणजे असा पेच, की त्या जागी आपण असतो तर काय केलं असतं हे आपल्यालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

व्हित्तोरिओ द सिका यांचा 'बायसिकल थीव्ज' (१९४८) घ्या. युद्धानंतरचं रोम. बेकार बापाला भिंतींवर पोस्टर चिकटवायचं काम मिळतं, पण त्यासाठी सायकल हवी. घरातल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवून आणली जाते आणि कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. मग बाप आणि लहानगा ब्रुनो शहरभर ती शोधत फिरतात. शेवटी हताश झालेला बाप स्वतःच एक सायकल पळवतो आणि पकडला जातो. लोक त्याला मारतात, ओढतात आणि हे सगळं ब्रुनो बघत असतो. सायकलचा मालक त्या मुलाकडे पाहतो आणि तक्रार न करता बापाला सोडून देतो. गर्दीतून चालताना बापाला रडू आवरत नाही आणि ब्रुनो त्याचा हात धरतो.

'चोरी करू नये' हा यातला बोध म्हणायचा का? तसं म्हटलं तर सगळा चित्रपटच हातातून निसटतो. मुलं मात्र नेमक्या जागी बोट ठेवतात. मालकाने ब्रुनोकडे पाहिलं नसतं तर? ब्रुनोला आता बापाबद्दल काय वाटत असेल? एका मुलीने म्हटलं होतं, त्याने हात धरला म्हणजे माफ केलं असं थोडंच आहे, कदाचित तो फक्त घाबरला असेल. त्यावरून गटात जो वाद पेटला तो आवरता आवरेना. बापाचं काम करणारे लाम्बेर्तो माज्जोरानी प्रत्यक्षात कारखान्यात काम करणारे कामगार होते, हे मी त्यानंतरच सांगितलं. आधी सांगितलं असतं तर सगळे अभिनयच तपासत बसले असते.

माजिद मजिदी यांच्या 'चिल्ड्रन ऑफ हेवन'मध्ये (१९९७) पेच आणखी साधा आहे. बहिणीचे बूट भावाच्या, म्हणजे अलीच्या, हातून हरवतात. घरची ओढाताण दोघांनाही ठाऊक असते, म्हणून आईवडिलांना न सांगता दोघं एकच जोड आळीपाळीने वापरतात. ती शाळेतून धावत येते आणि तेच बूट घालून तो शाळेकडे धावतो. पुढे धावण्याच्या शर्यतीत तिसऱ्या क्रमांकाला बूट मिळणार असतात, म्हणून अलीला तिसरंच यायचं असतं. येतो पहिला, आणि सगळे त्याला डोक्यावर घेत असताना त्याचे डोळे भरून आलेले असतात. पहिला नंबर म्हणजेच यश, हे ज्या मुलांच्या कानीकपाळी रोज ओरडलं जातं त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. वडिलांनी नवे बूट घेतले आहेत हे आपल्याला पडद्यावर दिसतं, पण अलीला ते माहीत नाही, आणि चित्रपट तिथेच संपतो. मोठ्यांना हा शेवट अर्धवट वाटतो. मुलांना तो खरा वाटतो, असा माझा अनुभव आहे.

थोड्या मोठ्या मुलांना सिडनी ल्युमेट यांचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) जरूर दाखवावा. कृष्णधवल, दीड तासाचा आणि जवळजवळ सगळा एका खोलीत घडणारा. आरोपी मुलगा दोषी आहे असं बारापैकी अकरा ज्युरर (खटल्याचा निर्णय द्यायला बसवलेले सामान्य नागरिक) म्हणतात, एकटा नाही म्हणतो. तो मुलगा निर्दोष आहे असा त्या एकट्याचाही दावा नसतो. आपल्याला खात्री नाही, तेव्हा निदान बोलू तरी, एवढंच त्याचं म्हणणं. सगळा गट एका बाजूला असताना 'मला पटलेलं नाही' म्हणायची वेळ या वयात रोज येते. दुसऱ्यांदा पाहताना मी मुलांना कॅमेऱ्याकडे बघायला सांगते. सुरुवातीला तो माणसांच्या डोळ्यांच्या वर असतो आणि हळूहळू खाली उतरत जातो, लेन्सही बदलत जातात. त्यामुळे खोली लहान होत चालल्यासारखी वाटते. हे कळलं की दिग्दर्शक आपल्याला कसा घाम फोडतो ते मुलं इतर सिनेमांतही शोधू लागतात.

आपल्या भाषेतलंही एक उदाहरण देते. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) गावाने खालच्या मानलेल्या जातीतल्या जब्या या मुलाचं कुटुंब डुकरं पकडत असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि हाती आलेलं डुक्कर निसटतं. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट पडद्याच्या रोखाने येतो. तो दगड कुणाला मारला, एवढं विचारून गप्प बसावं. उत्तर देण्याची घाई मोठ्यांनीच करू नये, कारण बऱ्याचदा आपल्याला ते उत्तर नकोसं असतं.

वयाबद्दल एक इशारा द्यायला हवा. ॲनिमेशन म्हणजे लहानांसाठी, ही समजूत फार पक्की आहे. इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (१९८८) ॲनिमेशनच आहे, पण त्याची सुरुवातच एका मुलाच्या भुकेने झालेल्या मृत्यूने होते आणि पुढे त्याच्या चार वर्षांच्या बहिणीची फरपट आपण पाहतो. अप्रतिम चित्रपट, पण दहा वर्षांच्या मुलाला एकट्याला बसवून दाखवायचा नाही. वयाचं प्रमाणपत्र काय दाखवू नये एवढंच सांगतं. आपल्यासमोरच्या मुलाला काय झेपेल ते त्या मुलाला ओळखणाऱ्यानेच ठरवायचं असतं. त्यासाठी चित्रपट आधी स्वतः संपूर्ण पाहावा लागतो. इंटरनेटवरचं परीक्षण वाचून भागत नाही.

आणि मग शेजारी बसायचं, शेवटपर्यंत. हे मला निवडीइतकंच महत्त्वाचं वाटतं. चित्रपट लावून देऊन मोठी माणसं आपल्या कामाला किंवा मोबाइलला लागतात, आणि हे फक्त तुमच्यासाठी आहे असं मुलांना न बोलता कळतं. मध्येच थांबवून अर्थ सांगू नये. कंटाळा आला तर येऊ द्यावा. संथ चित्रपटात पहिली वीसेक मिनिटं चुळबुळ होतेच, ती सहन करावी. सबटायटलं वाचायची सवयही दोन-तीन चित्रपटांत अंगवळणी पडते. संपल्यावर 'काय शिकलात' ऐवजी 'कुठला प्रसंग डोक्यातून जात नाही' असं विचारावं. कुणी 'मला आवडला नाही' म्हणालं तर का ते मन लावून ऐकावं. काही जण काहीच बोलत नाहीत. त्यांना छेडू नये.

मुलांनी निवडलेले चित्रपटही त्यांच्याबरोबर तितक्याच मनापासून पाहायला हवेत. एक आपला, एक त्यांचा, असा सरळ हिशेब ठेवावा. त्यांच्या आवडीच्या गोंगाटी मारधाडीच्या सिनेमातही एखाद्या पात्रापुढे असा पेच उभा असतो की आपण चकित होतो. तिथे नाक मुरडलं की पुढच्या वेळी आपण निवडलेला चित्रपट ते केवळ भिडेखातर पाहणार.

म्हणून विनंती अशी, की पुरवणीत दहा नावांच्या यादीऐवजी दर आठवड्याला एकाच चित्रपटावर लिहावं. शेवट न फोडता त्यातला पेच मांडावा, कोणत्या वयाला चालेल आणि कोणतं दृश्य जड जाईल हे स्पष्ट सांगावं. पुढच्या आठवड्यात त्याच चित्रपटावर कुमारवयीन वाचकांची पत्रं छापावीत, न आवडल्याची पत्रंसुद्धा, आणि त्यांची भाषा फार सुधारू नये. सुरुवात 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'पासून करता येईल. त्यावर मुलं हटकून लिहितील.

आपली,
एक वाचक