लाकडं रचून झाली

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, तू फोनवर परत तेच विचारलंस, "साठी उलटली तुमची, अजून लाकडं कसली जाळत बसलाय? तिथं गॅस नाही का गं?" मी "सगळं छान आहे" म्हणून विषय संपवते आणि तुझ्या जिवाला घोर तसाच राहतो. म्हणून आज निवांत लिहायला बसले. बाबा, तुम्ही तिला मोठ्यानं वाचून दाखवा.

आमच्या तळघरात तेलावर चालणारी भट्टी आहे. आजारी पडलो किंवा सोलापूरला आलो की घर तीच सांभाळते, नाहीतर थंडीत पाणी गोठून नळ फुटतात. इथं अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये जानेवारीत पारा उणे 20 पर्यंत सहज उतरतो. तेव्हा आम्ही अडलंय म्हणून लाकूड जाळत नाही, आम्हाला ते आवडतं. इथं कितीतरी घरांत लोखंडी स्टोव्ह आहेत, आणि ऐंशीच्या घरातली माणसंसुद्धा आपापली लाकडं स्वतः रचतात.

लाकूड मेपल, ॲश, बीच, बर्च या इथल्या झाडांचं. आपल्याकडे वखारीत तोलून देतात, इथं रचून मोजतात. चार फूट उंच, चार फूट रुंद, आठ फूट लांब, म्हणजे 128 घनफुटांचा एक 'कॉर्ड'. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. ते तसंच जाळलं तर बरीचशी आग पाणी आटवण्यातच जाते. घर गारच आणि धूर मात्र भरपूर. ओल 20 टक्क्यांच्या खाली आली तरच लाकूड नीट जळतं. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर टाकलेल्या बाभळीच्या ढलप्या पावसाळ्याआधी खडखडीत होतात. इथं मेपलला वर्ष लागतं, कधी दोन. आत्ता जळतंय ते आम्ही गेल्या वर्षीच रचलेलं आहे.

आणि आई, फोडायचं काम आम्ही आता करत नाही, एवढं नक्की ऐक. तुझ्या जावयांच्या पाठीला कुऱ्हाड झेपत नाही, म्हणून फोडलेलंच मागवतो. आम्ही फक्त रचतो. खाली फळकुटं, एकेरी रांग, वरून तेवढा पत्रा, बाजू वाऱ्याला मोकळ्या. रचताना मी दोन ढलप्या एकमेकींवर आपटते, नारळ वाजवून बघावा तसं. ओल्या असल्या की भद्द आवाज येतो, वाळल्या की टणत्कार.

सकाळी उठले की आधी स्टोव्हपाशी जाते. रात्रीचे निखारे राखेखाली जिवंत असतात. राख बाजूला सारून बर्चची साल, काड्या आणि त्यावर दोन बारीक ढलप्या ठेवते. हवेची खटकी पूर्ण उघडी. मोठं लाकूड धरलं की खटकी हळूहळू कमी करायची. घाईनं बंद केली तर धूर धुराड्यात थिजतो, काळा चिकट थर चढतो, आणि तो पेटला तर घरालाच धोका. म्हणून दरवर्षी थंडीआधी धुराडं साफ करून घेतो. पण आग नीट लागली की उरलेला धूरही स्टोव्हच्या आतच जळतो. काचेमागे लाकडाच्या वर, अधांतरी ज्वाळा हलताना दिसतात आणि बाहेर धुराड्यातून जवळजवळ काहीच निघत नाही. हे बघत मी बसून राहते. दुसरं काही करावंसं वाटत नाही.

बाबा, नोकरी सोडल्यावरचा पहिला हिवाळा मला फार जड गेला होता. दिवस उजाडायचा तो रिकामाच. तेव्हा मला तुम्ही फार आठवायचात. गिरणीचा भोंगा बंद झाला तेव्हा तुम्ही पन्नाशीत होतात, देणीही अडकलेली. घरात आम्ही सगळे हवालदिल, आणि तुम्ही पहाटे उठून तसाच बंब पेटवायचात. आधी तुराट्या, मग कडुलिंबाच्या काटक्या, मग बाभळीचं ढलपं. तोटीखाली उलटा हात धरून पाणी बघायचं आणि मग एकेकाला हाक मारायची. तो नेम तुम्ही कधी चुकवला नाहीत, आणि आजही ती हाक मारताना तुमच्या आवाजात जी निवांतता असते, ती मला इथं या वयात थोडी थोडी कळायला लागली आहे. ऑक्टोबरात रांग भरली की पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यापुरतं सगळं जमलेलं असतं. त्याहून जास्त ठेवायला जागा नाही आणि हावही नाही. नोकरीतलं कुठलंच काम असं "झालं, पुरे" म्हणण्यासारखं नव्हतं.

राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून घराबाहेर ठेवते, कारण तिच्यात विस्तव कधीकधी दिवसन् दिवस धुमसत राहतो. नंतर परसात टाकते. इथली माती आंबट, तिला ती मानवते. तुम्ही मात्र राख कुंड्यांत घालू नका. आपली काळी माती मुळातच अल्कधर्मी. भांड्यांना ठेवा.

आता माझं मागणं. बंब तुम्ही सोडावा असं मी कधीच म्हणणार नाही. पण तो न्हाणीघरातून अंगणात हलवा. बंद जागेत निखाऱ्यांचा जो वायू साठतो त्याला ना वास ना रंग. माणसाला कळायच्या आत गुंगी येते. आमच्याकडे त्यासाठी भिंतीवर गजर लावलाय. आईचा खोकलाही मला धुराचाच वाटतो, तेव्हा पेटवताना तिला जवळ बसू देऊ नका. बंबाखाली दोन-अडीच फुटांचा ओटा बांधून घ्या, म्हणजे वाकावं लागणार नाही. वखारवाल्याला सांगा, ढलप्या हातभरच हव्यात, आणि वाळलेल्याच. पावसाळ्यात भिजलेल्या परत पाठवा. ओट्याचे पैसे मी दादाकडे पाठवते, त्यावरून वाद घालू नका.

सिद्धेश्वराच्या जत्रेत, गड्ड्याच्या गर्दीत यंदा आईला नेऊ नका. संक्रांतीला होमाच्या वेळी दादाला होम मैदानावरून व्हिडिओ कॉल लावायला सांगा, तुम्ही दोघं घरून बघा, आम्ही इथून बघतो. आमची तेव्हा सकाळच असेल. जावई तुम्हाला नमस्कार सांगतात. ओट्याचं काम संक्रांतीआधी उरकलं तर त्याचा फोटोही पाठवा.

तुमची,
लेक