स्पीड वाढवण्याआधी सर्व्हरचा पत्ता तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा, पतसंस्था, गृहनिर्माण संस्था बैठकांसाठी स्वतःचा व्हिडिओ कॉन्फरन्सिंग सर्व्हर बसवू लागल्या आहेत, हे स्वागतार्ह आहे. जित्सीसारखे मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळते, ते उबुंटू या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते आणि सभेतली चर्चा आपल्याच यंत्रावर राहते. पण आवाज गेला, चित्र दिसेनासे झाले की दोष इंटरनेटच्या स्पीडला दिला जातो. संस्था महागडा प्लॅन घेते, आणि तक्रार होती तिथेच राहते. कारण अनेकदा मूळ दोष सर्व्हरच्या आयपी सेटिंगमध्ये, म्हणजे नेटवर्कवरच्या त्याच्या पत्त्याच्या नोंदीत असतो.

याची एक अचूक खूण आहे. सभेत दोघे असेपर्यंत सगळे सुरळीत चालते. तिसरा आला की सर्वांचे पडदे काळे होतात. जित्सीत दोघेच असतील तर त्यांची यंत्रे शक्यतो एकमेकांशी थेट जोडली जातात. तिसरा येताच चित्र आणि आवाज सर्व्हरवरच्या व्हिडिओब्रिजमधून (सर्वांचे चित्र-आवाज वाटणाऱ्या जित्सीच्या भागातून) जाऊ लागतात, तेही यूडीपी १०००० या पोर्टवरून. पोर्ट म्हणजे यंत्रात ये-जा करण्याचे क्रमांक दिलेले दार; यूडीपी आणि टीसीपी या माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती. हे पोर्ट राउटरवर उघडलेले नसेल तर वाट तिथेच बंद होते. पोर्ट उघडे असूनही ब्रिजला स्वतःचा बाहेरचा पत्ता माहीत नसेल, तर तो सहभागींना १९२.१६८.१.१० असा कार्यालयाच्या आतलाच पत्ता कळवतो, आणि बाहेरून त्या पत्त्यावर कोणीच पोहोचू शकत नाही. चॅट आणि सहभागींची नावे मात्र टीसीपी ४४३ वरून येत राहतात, त्यामुळे सर्व्हर ठीक आहे असा समज होतो. उपाय सोपा आहे: व्हिडिओब्रिजच्या सेटिंगच्या फाइलमध्ये आतला व बाहेरचा पत्ता जोडीने लिहावा, ब्रिज पुन्हा सुरू करावा आणि राउटरवरून टीसीपी ८०, टीसीपी ४४३ आणि यूडीपी १०००० ही पोर्ट सर्व्हरकडे वळवावीत. ८० बंद ठेवले तर लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचे ९० दिवसांचे सुरक्षा प्रमाणपत्र नेहमीच्या पद्धतीने नवे होत नाही, आणि एके दिवशी ब्राउझर सभाच उघडू देत नाही.

मुळात बाहेरचा पत्ता स्वतःचा आहे का, हे आधी पाहावे. राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावरचा पत्ता १० (पहिला आकडा नेमका १०; १०३ वगैरे नव्हे), १९२.१६८, १७२.१६ ते १७२.३१ किंवा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर संस्था आणखी एका राउटरच्या मागे आहे. पुष्कळदा तो सेवा पुरवठादाराचाच असतो. अशा वेळी आपल्या राउटरवर कितीही पोर्ट उघडली तरी उपयोग नाही. पुरवठादाराकडून स्थिर पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून थेट पोहोचता येणारा न बदलणारा पत्ता घ्यावा. फायबरचा डबा आणि आपला राउटर दोन्ही राउटरचे काम करत असतील तर डबा ब्रिज मोडमध्ये टाकून घ्यावा, म्हणजे तो जोडणी फक्त पुढे देईल (या 'ब्रिज'चा व्हिडिओब्रिजशी संबंध नाही).

आतला पत्ताही स्थिर हवा, आणि तो राउटरच्या डीएचसीपी पट्ट्याबाहेरचा, म्हणजे राउटर यंत्रांना आपोआप वाटतो त्या पत्त्यांबाहेरचा हवा. राउटर १०० ते २०० हे शेवटचे आकडे वाटत असेल तर सर्व्हरला १० द्यावा. पट्ट्यातलाच पत्ता दिला तर कधीतरी तोच पत्ता एखाद्या मोबाइललाही मिळतो आणि सर्व्हर मधूनमधून गायब होतो. हा दोष शोधायला फार त्रास देतो. सबनेट मास्क (कोणते पत्ते आपल्याच नेटवर्कमधले हे ठरवणारा आकडा) चुकला तर आणखी विचित्र प्रकार घडतो: २५५.२५५.२५५.० ऐवजी २५५.२५५.०.० लिहिले की १९२.१६८.२० ने सुरू होणाऱ्या पत्त्यांची शाखा आपल्याच खोलीत आहे असे सर्व्हरला वाटते. तो गेटवेकडे (बाहेर नेणाऱ्या राउटरकडे) जातच नाही. बाहेरगावचे सभासद जोडले जातात, पण शाखेतले राहून जातात.

उबुंटूत हे बदल नेटप्लॅन या नेटवर्क सेटिंगच्या सोयीच्या फाइलमध्ये होतात. तिथे टॅब चालत नाही, स्पेसच द्याव्या लागतात. बदल थेट लागू न करता आधी नेटप्लॅनची 'ट्राय' आज्ञा वापरावी. १२० सेकंदांत मान्यता दिली नाही तर जुने सेटिंग आपोआप परत येते. दुरून काम करणाऱ्यासाठी ही सोय अमूल्य आहे.

कार्यालयातल्यांनाच सभा उघडत नसेल, तर बहुधा आतल्या यंत्राने सर्व्हरचा बाहेरचा पत्ता मागितल्यावर राउटर त्याला सर्व्हरकडे वळवून देत नाही. आतल्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत) सभेच्या संकेतस्थळाच्या नावाला सर्व्हरचा आतला पत्ता द्यावा. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे लांब पत्ते) बद्दलही सावध राहावे: डीएनएसमध्ये त्याची नोंद आहे पण फायरवॉलवर (ये-जा रोखणाऱ्या पहाऱ्यावर) वाट बंद आहे, असे असेल तर मोबाइल डेटावरच्या काहींना सभा उशिरा उघडते किंवा उघडतच नाही.

स्पीडही लागतोच, पण तो अपलोडचा, म्हणजे सर्व्हरकडून बाहेर पाठवण्याचा. ब्रिज प्रत्येकाचे चित्र इतरांना पाठवतो. ५० जणांना प्रत्येकी १ एमबीपीएस धरले तरी ५० एमबीपीएस अपलोड हवा. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत डाउनलोडचा आकडा असतो.

संस्थांच्या सचिवांना विनंती आहे की काम पूर्ण झाले असे मानण्याआधी कंत्राटदाराकडून एका कागदावर सर्व्हरचा आतला आणि बाहेरचा पत्ता, मास्क, गेटवे, डीएनएस आणि उघडलेली पोर्ट लिहून घ्यावीत. मग तीन मोबाइलचे वायफाय बंद करून, फक्त मोबाइल डेटावर, एकाच सभेत तिघांनी यावे. तिघांचेही चित्र आणि आवाज आले तरच शेवटचे बिल मंजूर करावे.

कळावे,
एक नेटवर्क अभियंता, नाशिक