नकारांबद्दल आभार : वर्गीकरण विभागातील अनोळखी हितचिंतकास पत्र

आदरणीय वर्गीकरण विभाग,

सादर नमस्कार.

घरातल्या जुन्या वस्तू दान म्हणून पाठवण्याबद्दल मी आपल्या संस्थेला विचारले होते; त्याच्या उत्तरादाखल आलेल्या आपल्या पत्राखाली विभागाचे नाव होते, आपले नव्हते. त्यामुळे आपल्याला ताई म्हणावे की दादा, हे मला ठाऊक नाही. शिवाय आपल्या उत्तराचा उपयोग घर आवरायला निघालेल्या आणखी कितीतरी जणांना होईल असे वाटले, म्हणून हे आभाराचे पत्र कोणालाही वाचता येईल असे उघडपणे लिहीत आहे.

मुले आपापल्या संसारात रमल्यावर आम्ही उभयतांनी लहान घरात राहायला जायचे ठरवले, आणि माळ्यावरचे, पलंगाखालचे, कपाटाच्या तळाशी दडलेले सगळे एकदम बैठकीच्या खोलीत येऊन पडले. ‘असू दे, लागेल कधीतरी’ असे म्हणत जपलेल्या त्या वस्तू विकायला काढल्या तर कोणी घेणार नव्हते आणि टाकून द्यायला हात धजावत नव्हता. अशा वेळी एकच वाट दिसते : खोक्यात भरावे, पत्ता चिकटवावा आणि एखाद्या सेवाभावी संस्थेकडे पाठवून मोकळे व्हावे. मीही आपल्याला त्याचसाठी लिहिले होते. वर लांबलचक यादी होती आणि खाली एकच प्रश्न : खोकी कोणत्या पत्त्यावर पाठवू? औदार्याबद्दल आभार मानून पत्ता कळवला असता तरी आपले काम झाले असते. त्याऐवजी आपण यादीतल्या एकेका वस्तूपुढे ‘पाठवा’, ‘पाठवू नका’ किंवा ‘जवळच कोणाला द्या’ असा शेरा लिहिला आणि प्रत्येक शेऱ्याचे कारणही दिले. निम्म्याहून अधिक वस्तूंपुढे नकार होता, आणि हे पत्र मुख्यतः त्या नकारांसाठी आहे.

सर्वांत आधी औषधांबद्दल लिहिते, कारण तिथे माझा आग्रह मोठा होता. घरातल्या दीर्घ आजारपणानंतर गोळ्यांची कितीतरी न फोडलेली पाकिटे उरली होती, मुदतही संपलेली नव्हती; कोणाचा तरी जीव वाचेल, अशीच माझी समजूत होती. एकदा रुग्णाच्या हाती गेलेली औषधे देणगी म्हणून घ्यायची नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे, हे आपण कळवले. घरी ती किती उष्णतेत, किती दमटपणात राहिली, हे पाकिटाकडे पाहून कोणालाही सांगता येत नाही. आपल्या पत्राने कुतूहल चाळवले म्हणून मी पुढे थोडे वाचले. त्या सूचना १९९६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाल्या, आणि त्यांच्यामागे कटू अनुभव आहे. डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला, तेव्हा जगभरातून सुमारे ५,००० टन औषधे आणि वैद्यकीय साहित्य तिथे येऊन थडकले. काय आले आहे याचा नुसता अंदाज घ्यायला ५० माणसांना सहा महिने लागले. काही औषधे मुदत संपलेल्या अवस्थेतच पोहोचली होती, काही थंडीने गोठून वाया गेली, आणि उरलेल्यांपैकी सहज ओळखता येतील अशी केवळ ३० टक्के होती. ज्यांनी ती पाठवली त्यांच्या मनात माझ्याइतकीच कळकळ असणार. पण जखमींजवळ असायला हवी होती ती माणसे खोकी उघडत बसली. आमच्या उरलेल्या गोळ्या मी जुनी औषधे परत घेणाऱ्या केंद्रात नेऊन दिल्या. वाईट वाटले, पण शंका राहिली नाही.

कपड्यांच्या बाबतीत आपण वर्गीकरणाच्या टेबलाचे जे वर्णन केले, ते माझ्या मनात पक्के बसले आहे. खोके उघडले की पहिला मान नाकाचा असतो, असे आपण लिहिले होते. कुबट वास आला की ते खोके बाजूला जाते, कारण एका ओलसर कपड्याची बुरशी शेजारच्या दहा कपड्यांना लागते. कपडे स्वच्छ धुतलेले असले तरी प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधण्याआधी ते शिवणींपर्यंत कोरडे झाले आहेत ना, हे पाहायला आपण सांगितले होते. डांबरगोळ्यांचा वास तर कित्येक आठवडे जात नाही, म्हणून ट्रंकेतले लोकरीचे कपडे आधी वाऱ्यावर टाकायला सांगितलेत. नाकानंतर हाताचे काम : खिसे तपासायचे, चेन वरखाली करून पाहायची, काखेतली आणि कॉलरची बाजू उजेडात धरायची. मी घरीच असे टेबल मांडले आणि आपण सांगितलेल्या क्रमाने एकेक कपडा पाहिला, तेव्हा ‘चांगल्या’ म्हणून बाजूला काढलेल्या ढिगाचा आकार बराच आटला. एका कोटाच्या आतल्या खिशात ह्यांचा हरवला म्हणून सोडून दिलेला दुय्यम किल्ल्यांचा जुडगा सापडला, हा आपल्या सल्ल्याचा आम्हाला झालेला खाजगी फायदा.

फाटक्या, डागाळलेल्या कपड्यांपुढे आपण लिहिले होते : ‘हे दान नव्हे, हा कच्चा माल आहे, तो त्याच वाटेने जाऊ द्या.’ वाक्य थोडे बोचले, पण खरे आहे. चिंध्या पिंजून त्यांच्या तंतूंपासून पुन्हा कापड विणण्याची कला काही आजची नाही. इंग्लंडमधल्या बॅटली या गावी बेंजामिन लॉ यांनी जुन्या लोकरीपासून असे कापड १८१३ मध्ये तयार केले. पण त्यासाठी चिंध्या कापड-पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जायला हव्यात. धर्मादाय संस्थेकडे पाठवल्या तर त्या आधी आपल्या टेबलावर येणार, मग कोणीतरी त्या निवडणार, साठवणार, आणि पुढे पाठवण्याचा किंवा नष्ट करण्याचा खर्च संस्थेच्या खात्यात पडणार. आपल्या घरातला कचरा टपालखर्च भरून दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकण्याचाच हा प्रकार झाला असता.

‘गरजूंना दुरुस्त करून घेता येणार नाही का?’ असे मी तुटक्या वस्तूंबद्दल विचारले होते. त्याचे उत्तरही आपण टाळले नाही. जुन्या वस्तू गोळा कराव्यात, ज्यांना काम नाही अशांकडूनच मजुरी देऊन त्या दुरुस्त करून घ्याव्यात आणि विकाव्यात, ही कल्पना एडगर हेल्म्स यांनी १९०२ मध्ये बॉस्टन इथे अमलात आणली आणि त्यातून गुडविल ही संस्था उभी राहिली, हे खरेच आहे. मात्र तिथे दुरुस्ती हाच कामाचा गाभा होता. जिथे तसे कारागीर आणि हत्यारे नाहीत तिथे हँडल तुटलेले भांडे हे तुटलेले भांडेच राहते, हे आपण स्पष्ट लिहिलेत.

जुन्या चष्म्यांचा प्रसंग मात्र मला जरा अवघड गेला. घरातल्या तीन पिढ्यांचे चष्मे मी एका डब्यात जमवले होते, आणि ते कोणाच्या तरी डोळ्यांना लागतील याची मला खात्री होती. लायन्स क्लबसारख्या संस्था जुने चष्मे गोळा करतात, त्यांचा नंबर यंत्रावर मोजतात आणि नंबरांप्रमाणे लावून ठेवतात, हे आपण सांगितले. पण त्याच्या पुढची गोष्टही सांगितली, जी सहसा कोणी सांगत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दान म्हणून आलेल्या चष्म्यांच्या तपासलेल्या नमुन्यातले केवळ ७ टक्के चष्मे वापरण्याजोगे निघाले, आणि सगळा खर्च धरता असा एक चष्मा नव्या तयार चष्म्याहून महाग पडला. ओरखडे असलेल्या काचा काढून टाकाव्यात, दोन्ही डोळ्यांचे नंबर फार वेगळे असलेले चष्मे कोणाला जुळण्याची आशा धरू नये, आणि शाबूत चष्मे टपालाने न धाडता संकलनाच्या जवळच्या पेटीतच टाकावेत, असा आपला सल्ला होता. तेवढे केल्यावर डब्यात थोडेच चष्मे उरले. ते पेटीत टाकले.

मोबाइलच्या बाबतीत आपण क्रम सांगितला आणि तो क्रमच महत्त्वाचा ठरला : आधी खात्यातून बाहेर पडायचे, मग सगळी माहिती पुसायची, मग सिम आणि मेमरी कार्ड काढायचे. नुसते पुसले आणि खाते तसेच राहिले, तर नव्या माणसाच्या हातात तो फोन जुन्या मालकाचा पासवर्ड मागत राहतो आणि चालू असूनही निरुपयोगी ठरतो. फुगलेल्या बॅटरीचा फोन मात्र पार्सलमध्ये कदापि घालू नये, कारण लिथियमची बॅटरी दाबली गेली तर वाटेतच पेट घेऊ शकते. तो ई-कचरा केंद्रातच द्यायचा. हेल्मेटला आपण नकार दिला तेव्हा ह्यांनी थोडी कुरकुर केली, कारण ते दिसायला कोरे करकरीत होते. पण हेल्मेटच्या आतला फोम एकाच आघातापुरता असतो, तो दबला की बाहेरून दिसत नाही, आणि ज्याचा इतिहास माहीत नाही असे हेल्मेट दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायची जबाबदारी कोण घेणार, या प्रश्नापुढे कुरकुर थांबली. खेळण्यांपैकी तुकडे पूर्ण असलेली तेवढी चालतील आणि बटनाएवढ्या गोल बॅटरीचे झाकण स्क्रूने घट्ट बसत नसेल ती चालणार नाहीत, एवढे सांगून आपण पुढे गेलात. पुस्तकांबद्दलही थोडक्यात : अभ्यासक्रम बदललेली पाठ्यपुस्तके आणि जुने ज्ञानकोश नकोत, गोष्टींची पुस्तके हवीत, आणि ती लहान खोक्यांतच भरावीत, कारण मोठे खोके पुस्तकांनी भरले की उचलणाऱ्याची पाठ तरी जाते किंवा खोक्याचा तळ तरी.

बांधणीच्या सूचनांबद्दल मला विशेष आभार मानायचे आहेत, कारण त्या पाळल्या नसत्या तर चांगल्या वस्तूही वाया गेल्या असत्या. तळाच्या मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर चिकटपट्टी लावायची. खोके अर्धे रिकामे ठेवायचे नाही, कारण रिकामा कोपरा वरच्या ओझ्याने आत बसतो. बुटांचे जोड नाडीने एकमेकांना बांधायचे, नाहीतर टेबलावर एक बूट सापडतो आणि दुसरा सापडत नाही. जुन्या खोक्यावरचे आधीचे पत्ते आणि बारकोड खरवडून काढायचे. आणि बाहेरची चिठ्ठी फाटली तर उपयोगी पडावी म्हणून आतही पत्त्याची आणि यादीची एक चिठ्ठी ठेवायची. दुलयांबद्दल आपण केलेला हिशेब मी शेजारीपाजारी सगळ्यांना दाखवला. अनेक कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला ५,००० ने भागतात, आणि आलेला आकडा व खरे वजन यांपैकी जे अधिक त्यावर पैसे आकारतात. ६०, ४० आणि ४० सेंटिमीटरच्या खोक्यात दुलया भरल्या तर त्यांचे वजन चार किलो असले तरी आकारणी १९.२ किलोची होते. एवढ्या खर्चात दुलया लांब पाठवण्यापेक्षा जवळच्या निवाऱ्याला फोन करून विचारा, असे आपण लिहिले. तिथे त्या हव्याच होत्या, हे विचारेपर्यंत आम्हाला माहीतच नव्हते.

एका मुद्द्यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. जड वस्तू जवळपास विकून ती रक्कम संस्थेला पाठवावी, असे आपण सुचवले होते. ह्यांचे म्हणणे असे की वस्तू दिली की देणाऱ्याला घेणारा दिसतो, पैसे दिले की दिसत नाही. मला आपले पटते. खोके पाठवण्यात आपले घर मोकळे होण्याचा आनंद बराच असतो, आणि त्याला घेणाऱ्याची गरज असे नाव देणे सोपे जाते. संस्थेला त्या महिन्यात काय हवे आहे हे संस्थेलाच अधिक कळते, आणि पैसा ते आणू शकतो.

अखेर आमच्याकडून निघालेली खोकी यादीच्या मानाने फारच थोडी होती. ती पोहोचल्यावर आपण पोचपावती पाठवली, आणि तिच्यात कोणत्या वस्तू वाटपाला गेल्या, कोणत्या विक्रीला, आणि एक स्वेटर आपण तरीही का बाजूला काढला, हेही लिहिले. कोपरावर कसरीने खाल्लेले मला दिसले नव्हते. इतक्या खोक्यांमधून वेळ काढून हे कळवणे आपल्याला बंधनकारक नव्हते.

आता फक्त शिलाई यंत्र राहिले आहे. ते चालू स्थितीत आहे, पायाने चालवायचे आहे आणि अतिशय जड आहे, म्हणजे आपल्या नियमाप्रमाणे ते टपालाने येऊ नये. शिवणकाम शिकवणारे कोणी आमच्या बाजूला आपल्या माहितीत असल्यास कळवावे. यंत्र आम्ही स्वतः नेऊन देऊ, तेलाची बाटली आणि जास्तीच्या बॉबिनी सोबत देऊ. आपण त्यालाही ‘नाही’ म्हणालात, तर कारण वाचायला मी उत्सुक आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
यादी पाठवणारी