अस्वलाचे कातडे

महोदय,

कालच्या अर्थविषयक पानावर ‘बुल’ आणि ‘बेअर’ या शब्दांचा उगम वाचला. बैल शिंगाने वर उडवतो म्हणून तेजी, अस्वल पंजा खाली हाणते म्हणून मंदी! लक्षात ठेवायला ही खूण ठीक आहे, पण उगम म्हणून ती छापणे चूक आहे.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या एक्स्चेंज ॲली या शेअर दलालांच्या गल्लीत, हातात नसलेले शेअर विकणाऱ्याला ‘अस्वलाचे कातडे विकणारा’ म्हणत. अस्वल मारण्याआधी कातडे विकू नये, अशी तिकडची जुनी म्हण होती. आपल्या ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’च्याच जातीची. आज चढ्या भावाने विकायचे आणि भाव पडला की स्वस्तात घेऊन माल द्यायचा, असा तो सौदा. १७३४ मध्ये ब्रिटिश संसदेने असल्या सौद्यांना आळा घालणारा कायदाही केला. म्हणजे ‘बेअर’ हे मुळात माणसाच्या करणीचे नाव. बैल मागाहून आला, बहुधा अस्वलाला जोडी म्हणून.

मला हे एवढे लागण्याचे कारण आहे. डिसेंबर २००७ मध्ये मी निवृत्त झालो. आमच्या भागातल्या एका सब-ब्रोकरने माझ्यासमोर कागदावर बैलाचे डोके काढले, शिंगांना वर जाणारे बाण जोडले आणि म्हणाला, “काका, बैलाचं शिंग वरच जातं. घाबरू नका.” ग्रॅच्युइटीतले तीन लाख मी दिले. २१ जानेवारी २००८ च्या सोमवारी सेन्सेक्स १,४०८ अंकांनी कोसळला. मंगळवारी बाजार उघडताच व्यवहार तासभर थांबवावे लागले. ऑक्टोबरात सेन्सेक्स ८,००० च्याही खाली जाऊन आला. मुलीची फी भरायची होती, म्हणून त्याच महिन्यात विकले. सव्वा लाख हाती आले. जाब विचारायला गेलो, तर उत्तर मिळाले, “अस्वलं उतरलीत काका, आपण काय करणार?”

अस्वले नव्हती उतरली. परदेशी वित्तसंस्था विकत होत्या, उधारीवर घेतलेले शेअर ब्रोकर परस्पर विकून सौदे कापत होते. ही सगळी माणसेच होती. हे मला कोणी सांगितले असते, तर निदान कोणता प्रश्न विचारायचा ते कळले असते. दलाल स्ट्रीटवरचे गुजराती व्यापारी तेजडिया आणि मंदडिया म्हणतात, आपण तेजीवाले, मंदीवाले म्हणतो. या शब्दांत माणूस दिसतो. मग ‘बुल्सची मुसंडी’, ‘अस्वलांचा विळखा’ असले मथळे मराठी दैनिकाने का द्यावेत? कोणी विकले, किती विकले, ते छापा.

आणखी एक. त्याच पानावर दर सोमवारी ज्येष्ठ नागरिकांसाठी बँकांच्या मुदत ठेवींच्या व्याजदरांचा तक्ता येत असे. गेले दोन महिने तो दिसत नाही. आमच्या इमारतीतले चार-पाच जण तो कापून ठेवतात. कृपया पुन्हा सुरू करावा.

आपला,
एक निवृत्त वाचक, डोंबिवली